बिल्डिंगचे नियम नक्की कोणाचे? राज्याचे की पालिकेचे?

आजचा प्रश्न छोटा आहे, पण घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा: इमारत किती उंच, बाजूला किती जागा सोडायची, हे ठरवतं कोण?

सोप्या भाषेत सांगायचं तर नियम लिहितं राज्य आणि राबवते पालिका.

मूळ कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. पूर्वी बऱ्याच शहरांची नियमावली वेगवेगळी होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित नियमावली आणली. मुंबई, एमआयडीसी असे काही भाग सोडले, तर बाकी राज्याला तीच लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी असली, तरी महापालिकेने बनवलेल्या त्या मसुद्याला २०१८ मध्ये मंजुरी दिली ती राज्यानेच. म्हणजे पालिकेला एखादा नियम बदलावासा वाटला, तर प्रस्ताव मंत्रालयात पाठवावा लागतो.

मग केंद्र कुठे आलं? भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता आहे, पण ती स्वतःहून बंधनकारक नाही. राज्याच्या नियमात तिचा समावेश झाला, की ती लागू होते.

आता पालिकेचं काम बघा. नकाशा तपासणं, बांधकाम सुरू करायची परवानगी, जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपली ओसी. बेकायदा बांधकामाला नोटीस देणं आणि ते पाडणंही तिच्याकडेच. पालिकेने परवानगी नाकारली, तर अपील मात्र राज्य सरकारकडे.

या वाटणीत खरी गोची अंमलबजावणीत होते. नियम कितीही चांगला असो, जागेवर जाऊन कोणी बघितलंच नाही तर तो कागदावरच राहतो. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. नियम तेव्हाही होतेच की!

म्हणून फ्लॅटची चावी घेण्याआधी बिल्डरकडे ओसी मागा. 'येईल हो लवकरच' यावर थांबू नका, पालिकेच्या नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागात जाऊन खात्री करा. मंजूर नकाशा मिळत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि तक्रार नियमाबद्दल असेल तर आमदाराला गाठा, अंमलबजावणीबद्दल असेल तर नगरसेवकाला.

भेटूया पुढच्या भागात!