उभ्या जनित्राची निगा

भायखळ्यासह मुंबई बेटावरील बहुतेक भागाला बेस्ट उपक्रम वीज पुरवतो आणि हा पुरवठा एरवी इतका भरवशाचा असतो, की उंच इमारतींतील डिझेल जनित्र, म्हणजे वीज गेल्यावर लिफ्ट, पंप व जिन्यातील दिवे चालवणारा संच, महिनोन्महिने नुसता उभा राहतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण व्यवस्थेतील बिघाडाने मुंबई महानगर अंधारले, तेव्हा अशा संचांची परीक्षा झाली.

बंद राहणेच जनित्राला अधिक बाधते. बॅटरी हळूहळू उतरते. पावसाळ्यातील दमट हवेचे पाणी टाकीत साचून त्यात सूक्ष्मजीव वाढतात व त्यांचा गाळ फिल्टर तुंबवतो. तारांच्या वेटोळ्यांवरील विद्युतरोधक आवरण ओल धरते, म्हणून तंत्रज्ञ त्याचा रोध मेगर या उपकरणाने मोजतात. दर आठवड्याला दहा मिनिटे संच चालवला की झाले, हा सोसायट्यांचा आवडता समज मात्र अर्धाच खरा आहे, कारण भाराविना चाललेले इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले डिझेल काजळीसह धुराड्यात चिकटते. त्यामुळे जाणकार देखभालीत क्षमतेच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढा भार देऊन संच चालवतात आणि मुख्य पुरवठा खरोखर तोडून स्वयंचलित बदलकळ, अर्थात वीज गेल्याचे ओळखून भार जनित्राकडे वळवणारा स्विच, वेळेवर चालतो का ते पाहतात. संच फारसा चालला नसला, तरी वंगणतेल काळानेही खराब होत असल्याने ते साधारणतः वर्षाला बदलतात.