डझनभर पेन्सिलींवर लेस

बॉबिन लेसला सुई लागत नाही आणि हूकही लागत नाही. छोट्या दांड्यांवर गुंडाळलेले अनेक धागे एकमेकांवरून ओलांडून आणि पिळून ही जाळीदार पट्टी तयार होते. प्रत्येक धाग्याला स्वतःची दांडी असते आणि तिलाच बॉबिन म्हणतात. शिवणयंत्रातल्या बॉबिनशी तिचे फक्त नाव जुळते. धागे एका कडक उशीवर टाचण्यांनी अडकवलेले असतात. कोणती टाचणी कुठे खुपसायची हे उशीवर लावलेला टोचलेला नमुना सांगतो.

मराठी घरांत लेस म्हटले की बहुधा क्रोशाचा रुमाल किंवा दारावरचे तोरण आठवते. क्रोशात एकच सलग धागा असतो आणि त्याचे टाके एकात एक अडकत जातात. बॉबिन लेस त्यापेक्षा हातमागाला जवळची आहे. तिच्यातही उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. मागावर मात्र ताणा आपली जागा सोडत नाही. इथे कोणताही उभा धागा वाटेत तिरका वळवता येतो, पिळता येतो किंवा बाण्याच्या कामाला लावता येतो. लेसमधली पाने, फुले आणि जाळ्या या मोकळिकीतून येतात.

ही कला सोळाव्या शतकात युरोपात, मुख्यतः व्हेनिस आणि फ्लँडर्स या भागांत रुजली. तिच्या नमुन्यांचे ‘ले पोम्पे’ हे पुस्तक १५५७ मध्ये व्हेनिसमध्ये छापले गेले. त्यानंतर चारच वर्षांनी झुरिचच्या फ्रोशाउअर छापखान्यातून दुसरे पुस्तक निघाले. त्याची लेखिका फक्त ‘आर. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर १५३६ च्या सुमारास ही लेस आपल्या प्रदेशात आली, असे तिने नोंदवले आहे. लेस अंगावर मिरवणारे लोक सरदार आणि धर्मगुरू होते. ती करणारे हात बहुतेक गरिबांचे होते, त्यामुळे साधने नेहमी जवळपास मिळेल त्यातून घडली. इंग्लंडमध्ये उशीत काड ठासून भरत आणि ठोकून ठोकून ती कडक करत. ब्राझीलच्या ईशान्य भागात मांदाकारू निवडुंगाचे काटे टाचण्यांच्या जागी वापरले गेले आणि बॉबिनच्या टोकाला ताडकुळातल्या झाडाच्या कठीण बिया लावल्या गेल्या. नक्षीदार लाकडी किंवा हस्तिदंती बॉबिन आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. शिकणाऱ्याला त्यांची काहीही गरज नाही. जाड धागा आणि ओबडधोबड बॉबिन घेऊन शिकणे हा नाइलाज समजला जातो, पण सुरुवात करण्याची तीच योग्य रीत आहे. बारीक धाग्यात धाग्याची वाट डोळ्यांना दिसत नाही आणि नवशिक्याला पाहायची असते ती नेमकी तीच.

सर्वांत आधी उशी. तिच्याकडून दोनच अपेक्षा असतात: खुपसलेली टाचणी डगमगू नये आणि उशी कामाच्या मध्येच खचू नये. मऊ फोम किंवा झोपायची उशी म्हणूनच बाद. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा सपाट तुकडा, साधारण ३५ सेंमी लांब-रुंद आणि ५ सेंमी जाड असेल तर काम भागते. त्यावर गडद रंगाचे, लव नसलेले सुती कापड ताणून मागून टाचायचे. रंग गडद असला की पांढरा धागा उठून दिसतो आणि कापड गुळगुळीत असले की दांड्या अडखळत नाहीत. थर्माकोलचा दोष असा की त्याच त्या जागी टाचण्या खुपसून तो भुसभुशीत होतो. तेव्हा तुकडा उलटा करावा. तो दुसऱ्या बाजूनेही संपला की नवा शोधावा. बरीच वर्षे टिकणारी उशी हवी असेल तर जाड कापडाच्या पिशवीत लाकडाचा भुसा ठासून भरावा. ती जड होते, पण जागची हलत नाही.

बॉबिनसाठी साधी षटकोनी पेन्सिल उत्तम. गोल दांडी उतारावरून लोळते, शेजारच्या धाग्यात गुंतते आणि त्यातून सगळा क्रम बिघडतो. इंग्लंडच्या बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायर भागांत बॉबिनच्या खालच्या टोकाला काचेच्या मण्यांचे कडे असते ते याच कारणाने. त्याने वजनही वाढते आणि दांडी जागी राहते. पेन्सिलीला कोन असतात, म्हणून हा त्रास टळतो. पेन्सिलीच्या वरच्या टोकाजवळ दोन रबरबँड दोनेक सेंमी अंतर ठेवून घट्ट गुंडाळले की मधल्या जागेत धागा बसतो. पेन्सिली नसतील तर करंगळीएवढ्या जाडीच्या बांबूच्या काड्यांना वरून दोन सेंमीवर चाकूने खाच पाडता येते. चार इंची खिळेही चालतात, मात्र त्यांची टोके घासून बोथट केलेली असावीत. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊ नयेत. त्या इतक्या हलक्या असतात की धाग्याला ताण मिळत नाही. बॉबिनचे अर्धे काम धागा साठवण्याचे आणि अर्धे स्वतःच्या वजनाने त्याला खाली ओढून धरण्याचे आहे.

टाचण्या शिंप्याच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानातल्या चालतात. काम बरेच दिवस उशीवर राहणार असेल तर गंज धरणाऱ्या टाचण्या टाळाव्यात, कारण पांढऱ्या धाग्यावरचा गंजाचा डाग निघत नाही. जुन्या कारागिरांच्या टाचण्या पितळेच्या असत, त्यामागचे कारण हेच. धागा विणकामाच्या सुताचा, क्रोशाचा दहा नंबरचा घ्यावा. लोकर नको. ती ताणली जाते, तिला लव असते आणि चुकीचा टाका त्या लवेत दडून राहतो. दोन रंग मात्र हवेतच. बहुतेक धागे पांढरे आणि एका जोडीचा धागा लाल किंवा निळा घ्यावा. तो कशासाठी हे पुढे कळेल.

पहिल्या धड्याला नमुनाही लागत नाही. चार बॉबिन, म्हणजे दोन जोड्या, पुरतात. एकाच धाग्याची दोन टोके दोन पेन्सिलींवर गुंडाळायची. शेवटी रबरबँडांमधल्या जागेभोवती एक उलटा फास टाकायचा, म्हणजे धागा आपोआप सुटत नाही आणि पेन्सिल फिरवली की हवा तेवढा मोकळा होतो. या धाग्याचा मध्य टाचणीवर अडकवला की एक जोडी झाली. शेजारी दुसरी जोडी लटकवायची. टाचणीपासून पेन्सिलीपर्यंत हाताच्या बोटाएवढाच धागा मोकळा ठेवावा. लांब सोडला की गुंता ठरलेला.

आता डावीकडून उजवीकडे चार जागांना १, २, ३, ४ असे क्रमांक द्यायचे. हे क्रमांक जागांचे आहेत, पेन्सिलींचे नाहीत. नवशिके इथे हमखास चुकतात. पेन्सिलींवर चिठ्ठ्या चिकटवल्या तर तिसऱ्या हालचालीपर्यंत सगळा हिशेब कोसळतो. साऱ्या बॉबिन लेसमध्ये हालचाली दोनच आहेत. पहिली फुली: २ वरचा बॉबिन ३ वरच्यावरून उचलून पलीकडे ठेवायचा. दुसरी पीळ: २ वरचा १ वरच्यावरून आणि ४ वरचा ३ वरच्यावरून, दोन्ही हातांनी एकाच वेळी. म्हणजे फुलीत डावा धागा उजव्यावरून जातो आणि पिळात उजवा डाव्यावरून. हा नियम कधीच बदलत नाही. फुली-पीळ, फुली-पीळ असे करत राहिले की चार पेडांची वेणी उतरते. अर्ध्या तासात वीतभर वेणी होते आणि तेवढ्यात हातांना लय सापडते. मुलांना ही वेणी मनगटावर बांधायला आवडते, म्हणून शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी इथेच थांबलेले बरे.

दुसरा धडा पट्टीचा. त्यासाठी सहा जोड्या, म्हणजे बरोबर डझनभर पेन्सिली लागतात. आलेख कागदावर दीड सेंमी अंतराने दोन उभ्या रेषा आखायच्या. प्रत्येक रेषेवर दर ५ मिमीला एक ठिपका द्यायचा, पण उजवीकडचे ठिपके डावीकडच्यांच्या मधोमध येतील असे अडीच मिमी खाली सरकवायचे. हा कागद जुन्या लग्नपत्रिकेच्या किंवा फाइलच्या पुठ्ठ्यावर चिकटवून जाड सुईने सगळे ठिपके आधीच टोचून घ्यायचे. रेषा पेन्सिलीच्या असतील तर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी, नाहीतर शिशाची काळी भुकटी धाग्याला लागते. २० सेंमी लांब पट्टीला पाच उभ्या जोड्यांसाठी दीड-दीड मीटर आणि आडव्या फिरणाऱ्या जोडीसाठी पाच मीटर रंगीत धागा सोडावा. फिरत्या जोडीला धागा इतका जास्त लागतो हे आधी सांगितले नाही तर तो हमखास मध्येच संपतो.

पाच पांढऱ्या जोड्या वरच्या कडेला ओळीने आणि रंगीत जोडी सर्वांत डावीकडच्या टाचणीवर लटकवायची. रंगीत जोडी आणि तिच्या लगतची पांढरी जोडी घेऊन फुली, पीळ, फुली अशा तीन हालचाली करायच्या. याला कापडी टाका म्हणता येईल, कारण त्यातून कापडासारखी घट्ट वीण तयार होते. तीन हालचाली संपल्या की दोन्ही जोड्यांनी जागा बदललेल्या असतात: रंगीत उजवीकडे आणि पांढरी डावीकडे. डावीकडची जोडी बाजूला सारून उजवीकडची पुढची पांढरी जोडी घ्यायची आणि तेच पुन्हा करायचे. पाचही जोड्या ओलांडल्यावर रंगीत जोडी उजव्या कडेला येते. तिथे तिला दोनदा पीळ द्यायचा, तिच्या आणि शेवटच्या पांढऱ्या जोडीच्या मधून ठिपक्यात टाचणी खुपसायची आणि रंगीत जोडी टाचणीला वळसा घालून परत फिरवायची. परतीच्या हालचालीही त्याच आणि त्याच क्रमाने.

दुसऱ्या रंगाचा उपयोग आता दिसतो. टाका बरोबर असेल तर रंगीत धागे ओळीत फक्त आडवेच दिसतात. एखादा रंगीत धागा खाली उभा उतरू लागला किंवा पांढरा धागा आडवा पडला तर चूक त्याच ओळीत कळते आणि शिक्षकाला बोट दाखवावे लागत नाही. चूक उसवणे अवघड नसते. हालचाली उलट्या क्रमाने आणि उलट्या दिशेने केल्या की धागे चुकीच्या जागेपर्यंत मागे जातात. कात्री घेण्याची गरज नाही.

ताण सांगून फारसा समजत नाही, तो हाताला यावा लागतो. ओळ संपून टाचणी लागली की आधी रंगीत जोडी हलकेच ओढायची आणि मग उभ्या जोड्या एकेक करून खाली ताणायच्या. प्रत्येक टाक्यानंतर ओढले तर पट्टी मध्येच आकसते. अजिबात ओढले नाही तर कडेला फासे सुटतात. पहिली दहा सेंमी पट्टी बहुधा वेडीवाकडीच येते. ती टाकून न देता शेवटच्या दहा सेंमीशी ताडून पाहिली तर ताण सुधारल्याचे डोळ्यांना दिसते.

गटाला शिकवताना प्रत्येकाला स्वतःची उशी द्यावी. एका उशीभोवती चौघे बसले की एकाचे हात चालतात आणि बाकीचे नुसते बघतात. जुन्या इंग्लंडमधल्या लेसशाळांत पाच वर्षांची मुले तासन्‌तास बसत आणि टाचण्या मोजत एकसुरात गाणी म्हणत. ते शिक्षण नव्हते, मजुरी होती. १८०९ मध्ये जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे सक्तीचे शिक्षण आले, तेव्हा त्या शाळा ओसरल्या. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावाची गोष्ट वेगळी. पाऱ्याच्या खाणीच्या या गावात खाणकामगारांच्या बायका आणि मुली लेस करत. तिथली लेसशाळा १८७६ मध्ये सुरू झाली ती आजही चालू आहे आणि मुले तिथे हौसेने शिकतात. युनेस्कोने २०१८ मध्ये स्लोव्हेनियाच्या बॉबिन लेसला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. भारतात ही कला मिशनऱ्यांबरोबर आली. नागरकोइल इथे मार्था मॉल्ट यांनी १८२० नंतरच्या वर्षांत मुलींना उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली आणि दक्षिण त्रावणकोरात ती पसरली. श्रीलंकेत गॉल आणि वेलिगामाच्या किनाऱ्यावर हीच लेस ‘बीरलू’ नावाने आजही केली जाते.

कापडी टाका हाताला बसला की उरलेले दोन टाके एका बैठकीत येतात. फुली आणि पीळ एवढेच करून थांबले तर अर्धा टाका होतो. त्यात एकच धागा ओळभर आडवा जातो आणि बाकीचे तिरके फाकतात, त्यामुळे चांदणीसारखी जाळी दिसते. फुली-पीळ दोनदा केले की दुहेरी टाका होतो. त्याची वीण भक्कम आणि मोकळी असते, म्हणून पट्टीच्या कडेला तो चांगला शोभतो. एकाच पट्टीत पाच-पाच सेंमी एकेक टाका असा नमुना केला की तिन्ही शेजारी शेजारी पाहता येतात. यापुढे तोर्शों नावाची लेस घ्यावी. तिचे सगळे ठिपके ४५ अंशांच्या तिरक्या चौकटीत बसतात, म्हणून तिचे नमुने साध्या आलेख कागदावर घरीच आखता येतात.

पट्टी पूर्ण झाल्यावर प्रत्येक जोडीची दोन टोके एकमेकांशी दुहेरी गाठीने बांधून थोडी झालर ठेवून कापावीत. टाचण्या लगेच काढू नयेत. निदान एक रात्र जाऊ द्यावी, म्हणजे धागा वळणात बसतो. नंतर टाचण्या सरळ वर खेचून काढाव्यात. तिरक्या ओढल्या तर कडेचे फासे उसवतात. हीच पट्टी पुढे बारीक धाग्यात करायची असेल तर नमुनाही त्या प्रमाणात लहान आखावा लागतो. धागा बदलून कागद तोच ठेवला तर वीण विरविरीत पडते आणि टाचण्या निघताच धागे जागचे सरकतात.