ताणलेली कार्बन नॅनोनलिका : विद्युत आणि यांत्रिक प्रतिमान एकत्र का मांडावे?

कार्बन नॅनोनलिका म्हणजे एक अणू जाडीचा ग्राफीनचा पत्रा गुंडाळल्यासारखी पोकळ नळी. दोन इलेक्ट्रोडांमधील खाचेवर अधांतरी बसवलेली अशी नळी मधोमध दाबली, तर तिच्यातील प्रवाह किती बदलेल? बल मोजणारा संवेदक तयार करताना हाच प्रश्न सोडवावा लागतो.

१. यांत्रिक प्रतिमान

नळी म्हणजे दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली ताठ दोरी असे समजू. टोके घसरत नाहीत आणि नळीचा वाकण्याला होणारा विरोध नगण्य आहे, ही गृहीतके. मग पायथागोरसच्या प्रमेयावरून

विकृती ≈ २ × (मधला दाब-अंतर ÷ लांबी)²

लांबी १००० नॅनोमीटर व दाब-अंतर ५० नॅनोमीटर असेल, तर विकृती ०.५ टक्के येते.

२. विद्युत प्रतिमान

नळीचा प्रकार (न, म) या दोन पूर्णांकांनी ठरतो. न − म या फरकाला ३ ने पूर्ण भाग जात नसेल, तर नळी अर्धवाहक असते. तिचे ऊर्जा-अंतर (बँड गॅप) इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सुमारे ०.८ ÷ व्यास (नॅनोमीटरमध्ये) इतके असते. (१६, ०) आणि (१७, ०) या दोन्ही नळ्यांसाठी ते ०.६ च्या आसपास येते.

ताण दिल्यावर मात्र त्यांची वाट वेगळी होते. बाकी १ उरली, तर ऊर्जा-अंतर वाढते. बाकी २ उरली, तर घटते. (न, ०) प्रकारच्या नळ्यांमध्ये हा बदल दर १ टक्का विकृतीला सुमारे ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो.

३. दोन्हींची सांगड

गेटच्या व्होल्टतेने नळीत अडथळा निर्माण केला असेल, तर तिचा रोध ऊर्जा-अंतर ÷ औष्णिक ऊर्जा या गुणोत्तराच्या घातांकाप्रमाणे बदलतो. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ०.५ टक्के विकृतीने ऊर्जा-अंतर ०.०५ ने बदलते, म्हणजे रोध सुमारे ७ पट बदलतो. दाब-अंतर ७० नॅनोमीटर केले, तर विकृती जवळजवळ दुप्पट होते आणि रोधातील बदल ४० पटींहून अधिक होतो. (१६, ०) मध्ये ही वाढ असेल, (१७, ०) मध्ये घट.

कॉर्नेल विद्यापीठातील गटाने २००३ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शीच्या टोकाने अधांतरी नळ्या ताणल्या, तेव्हा काहींची वाहकता वाढली, तर काहींची घटली. फक्त दोरीचे प्रतिमान वापरले, तर हा फरक समजत नाही.

४. मर्यादा

यांत्रिक गणितातील लहान चूक घातांकात शिरून मोठी होते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी गृहीतके तपासावीत. गेटमुळे नळी पूर्ण वाहक अवस्थेत असेल, तर वरील घातांकी नियम लागू होत नाही.

सराव : नळी खाचेपेक्षा ०.२ टक्के लांब, म्हणजे ढिली बसली आहे. दाब-अंतर ५० नॅनोमीटरच आहे. रोध किती पट बदलेल?

उत्तर : विकृती सुमारे ०.३ टक्के राहते. म्हणून ७ ऐवजी सुमारे ३ पट.