जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड : शहापूर व मुरबाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर मूळ जिल्ह्यात जे सात तालुके उरले त्यांपैकी शहापूर व मुरबाड हे दोन आजही प्रामुख्याने ग्रामीण स्वरूपाचे आहेत. मुंबईस पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात असून मुरबाड तालुका माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला आहे. महानगरापासूनचे त्यांचे अंतर नकाशावर थोडे दिसते. परंतु संगणकाचा एखादा सुटा भाग विकत घ्यावयाचा झाला म्हणजे तेच अंतर वाढल्यासारखे होते. शहापूरच्या मनुष्याने आसनगावाहून लोकल धरावयाची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावयाचे आणि लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाचा, बाजार गाठावयाचा. मुरबाड लोहमार्गावर नसल्याने तेथील मनुष्यास त्याआधी एस.टी.ने कल्याणपर्यंत यावे लागते. एवढे करून आणलेला भाग यंत्रात बसला नाही, तर पैशाबरोबर आणखी एक दिवसही वाया जातो. म्हणूनच खरेदीपूर्वीचा विचार येथे शहरापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

या दोन तालुक्यांत राहून अथवा तेथे क्षेत्रकार्य करून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांपाशी पुष्कळदा कार्यालयांतून निवृत्त झालेला, लहान केबिनेटचा जुना डेस्कटॉप असतो. त्यात ग्राफिक्स कार्ड घालून त्याचे आयुष्य वाढवावे, असा विचार साहजिकच मनात येतो. तो विचार केव्हा योग्य ठरतो, केव्हा अयोग्य ठरतो, आणि योग्य असल्यास निवड कोणत्या क्रमाने करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

कार्डाचे कार्य

संगणकाचा मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसर यांतील भेद भातशेतीच्या दृष्टान्ताने चांगला स्पष्ट होतो. कोणत्या खाचरात पाणी केव्हा सोडावयाचे, बांध कोठे फोडावयाचा, याचा निर्णय एकच जाणता शेतकरी घेतो; लावणी मात्र अनेक हातांनी एकाच वेळी व एकाच रीतीने व्हावयाची असते. मुख्य प्रोसेसर हा त्या जाणत्या शेतकऱ्यासारखा होय. त्याचे गाभे थोडे असतात, परंतु प्रत्येक गाभा गुंतागुंतीचे निर्णय त्वरेने घेतो. ग्राफिक्स प्रोसेसर हा लावणी करणारा जथा होय. २०१६ साली आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०५० टीआय या माफक कार्डावरही असे ७६८ लहान गणक आहेत. ज्या कामात एकच क्रिया असंख्य अंकांवर करावयाची असते, त्या कामात हा जथा उपयोगी पडतो. अन्यत्र तो रिकामा उभा राहतो.

हाच दृष्टान्त थोडा पुढे नेता येतो. हात कितीही असले तरी रोपांच्या मुठी वेळेवर खाचरात पोहोचल्या नाहीत तर लावणी खोळंबते. कार्डावरील स्मृतीचा वेग म्हणजे या मुठी पोहोचविण्याचा वेग होय. त्याचे महत्त्व जीटी १०३० या कार्डाच्या उदाहरणावरून दिसून येते. २०१७ साली ते जीडीडीआर-५ जातीच्या स्मृतीसह आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर-४ स्मृतीचे रूप बाजारात आले. गणकांची संख्या दोहोंत ३८४ आणि स्मृती २ जी.बी. हीच असली, तरी स्मृतीचा वेग पहिल्यात दर सेकंदास ४८ जी.बी., तर दुसऱ्यात १७ जी.बी.हूनही थोडा कमी आहे. खोक्यावरचे नाव एकच, परंतु आतील वस्तू भिन्न, असा हा प्रकार आहे. तात्पर्य, केवळ नाव व स्मृतीचे आकारमान पाहून कार्ड घेणे धोक्याचे होय.

कार्डाची गरज आहे काय ?

संगणक मंद झाला की त्यावर ग्राफिक्स कार्ड हाच उपाय, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः प्रबंधलेखन, संदर्भसूची, सांख्यिकी पृथक्करण आणि क्यूजीआयएसमधील नकाशांची बहुतेक कामे यांचा भार मुख्य प्रोसेसर, रॅम व डिस्क यांवर पडतो. भातसेच्या पाणलोट क्षेत्राचा उपग्रहीय पट उघडावयास यंत्र दहा मिनिटे घेत असेल, तर दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कचा अथवा ४ जी.बी. रॅमचा असतो. तेथे एसएसडी व आणखी ८ जी.बी. रॅम यांनी जो फरक पडेल तो कोणत्याही कार्डाने पडावयाचा नाही. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कोणता घटक शंभर टक्क्यांशी जाऊन भिडतो ते पाहावे. ही परीक्षा विनामूल्य आहे, आणि पुष्कळ वेळा तीच खरेदीचा प्रश्न मिटविते.

कार्डाची खरी गरज साधारणतः तीन प्रकारच्या कामांत पडते. पहिले काम म्हणजे चलच्चित्रे पाहणे व त्यांचे संपादन करणे. २०१२ च्या सुमाराच्या संगणकांतील अंगभूत चित्रयंत्रणा एच-२६४ ही जुनी पद्धत उलगडू शकते. व्हीपी-९ सारख्या नंतरच्या पद्धती तिला येत नाहीत आणि तो सारा भार प्रोसेसरवर पडतो. दुसरे काम त्रिमितीय आकृत्यांचे. तिसरे, आणि संशोधकांच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय, काम यंत्रशिक्षणाचे होय.

या तिसऱ्या कामाचे एक उदाहरण घेऊ या. या परिसरात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी आदी समाजांत घेतलेल्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण लिपिबद्ध करणे हे मोठे वेळखाऊ काम असते. ओपन-एआय या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसृत केलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली मराठी जाणते. तिच्या लहान रूपास कार्डावर सुमारे २ जी.बी., मध्यम रूपास ५ जी.बी. आणि मोठ्या रूपास १० जी.बी. स्मृती लागते. लहान रूप मराठीत पुष्कळ चुका करते. मोठ्या रूपातील अंक आठ बिटांवर आणून केलेली आवृत्ती मात्र सुमारे ३ जी.बी.त बसते, म्हणजे ४ जी.बी.चे कार्ड तिला जेमतेम पुरते, २ जी.बी.चे पुरत नाही. कातकरी अथवा वारली बोलीचा समावेश या प्रणालीच्या भाषासूचीत नाही. तेव्हा त्या मुद्रणांचे लिप्यंतर मनुष्यानेच करावयाचे आहे, आणि कोणतेही कार्ड त्यात साहाय्यभूत होणार नाही, हे आधीच ओळखलेले बरे.

यंत्राच्या मर्यादा

गरज निश्चित झाल्यावर यंत्राकडे वळावे. पहिली मर्यादा जागेची. लहान केबिनेटमध्ये केवळ कमी उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड बसते. तेव्हा उंची, लांबी व शेजारचा स्लॉट मोकळा आहे की नाही, या तिन्ही गोष्टी मोजपट्टीने मोजून कागदावर लिहून न्याव्यात.

दुसरी मर्यादा विजेची. मदरबोर्डावरील स्लॉट कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट शक्ती देऊ शकतो; त्याहून अधिक हवी असल्यास पॉवर सप्लायपासून सहा अथवा आठ पिनांची स्वतंत्र तार लागते. कार्यालयीन लहान संगणकांत ही तार बहुधा नसते, आणि त्यांचा पॉवर सप्लाय विशिष्ट आकाराचा असल्याने बदलणेही कठीण जाते. समजा, पॉवर सप्लाय २४० वॅटचा आहे. प्रोसेसरचे ७७ वॅट, बोर्ड, डिस्क व पंखे यांचे अंदाजे ५० वॅट आणि कार्डाचे ७५ वॅट धरले तर बेरीज २०२ वॅट होते. हे यंत्र चालेल, परंतु राखीव शक्ती थोडी उरेल. पॉवर सप्लाय दहा वर्षांचा असेल आणि वैशाखातील उष्म्यात पत्र्याच्या छपराखाली चालावयाचा असेल, तर ३० ते ५० वॅटचे कार्ड अधिक सुरक्षित होय. पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होत असल्यास कार्डापूर्वी यूपीएसची व अर्थिंगची सोय करणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी मर्यादा स्लॉटच्या पिढीची. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीत प्रत्येक मार्गिका दर सेकंदास सुमारे ०.५ जी.बी., तिसरीत सुमारे १ जी.बी. आणि चौथीत सुमारे २ जी.बी. माहिती वाहते. जुनी कार्डे सोळा मार्गिका वापरतात. काही नवी स्वस्त कार्डे चारच वापरतात. २०२२ साली आलेले एएमडीचे आरएक्स ६४०० हे कार्ड या दुसऱ्या प्रकारचे आहे. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्यास जवळजवळ ८ जी.बी.चा वेग मिळतो, तर दुसऱ्या पिढीच्या बोर्डावर केवळ २ जी.बी.चा. सोळा मार्गिकांच्या जीटीएक्स १०५० टीआयला त्याच जुन्या बोर्डावर ८ जी.बी.चा वेग मिळतो. नवे कार्ड जुन्या यंत्रात जुन्या कार्डापेक्षा अधिक अडखळू शकते, हा विरोधाभास येथून उद्भवतो. आणि कार्डाची स्मृती भरली की तो विशेष जाणवतो.

चौथी मर्यादा जोडणीची व प्रणालीची. काही नवी कार्डे जुन्या बायोसवर सुरूच होत नाहीत. इंटेलच्या आर्क ए-३८० सारख्या कार्डांस पूर्ण वेगासाठी रिसायझेबल बार ही सोय लागते, जी जुन्या बोर्डांवर सहसा नसते. मॉनिटरला केवळ व्हीजीए जोडणी असेल तर अलीकडच्या कार्डांसाठी सक्रिय अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो.

निवडीचा क्रम

केवळ चलच्चित्रे पाहणे व दुसरा मॉनिटर जोडणे एवढेच प्रयोजन असेल, तर ३० वॅटचे, जीडीडीआर-५ स्मृतीचे जीटी १०३० पुरेसे होय. चित्रण संपादित करून साठविणाऱ्यास मात्र ते, तसेच आरएक्स ६४०० हेही, उपयोगी नाही. कारण चित्रण संकेतबद्ध करणारी यंत्रणा या दोहोंत नाही. यंत्रशिक्षणासाठी एनव्हिडियाच्या कूडा प्रणालीचा विचार करावा लागतो. ऑगस्ट २०२५ मधील तिच्या तेराव्या आवृत्तीने पास्कल पिढीचा, म्हणजे जीटी १०३० व जीटीएक्स १०५० टीआय यांचा, आधार काढून घेतला. ही कार्डे बाराव्या आवृत्तीवर चालतात. पण पुढील मार्ग बंद झाला आहे. म्हणून या कामासाठी किमान मर्यादा जीटीएक्स १६५० ही धरावी. २०१९ साली आलेल्या या कार्डाचा मूळ भार ७५ वॅट व स्मृती ४ जी.बी. आहे, मात्र त्याच्या काही रूपांना सहा पिनांची तार लागते, ती टाळावीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५०चे ६ जी.बी. रूप ७० वॅटवर, स्वतंत्र तारेवाचून चालते. पैसा परवडत असेल तर जुन्या यंत्रातून पुढच्या यंत्रात नेता येण्याजोगे हेच कार्ड होय.

जुन्या कार्डांच्या बाजारात विशेष सावधगिरी हवी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलल्यावर नाणी ‘खणण्यासाठी’ राबविलेली असंख्य कार्डे विक्रीस आली. त्यांचे पंखे व उष्णतावाहक लेप झिजलेले असू शकतात. याखेरीज जुन्या कार्डाचे बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचेही प्रकार घडले आहेत. दुकानातच कार्ड यंत्रात बसवून जीपीयू-झेड या विनामूल्य साधनाने चिपचे नाव, स्मृतीची जात व मार्गिकांची संख्या तपासावी, आणि अर्धा तास भार देऊन पाहावे. याला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

शेवटी एक प्रश्न उरतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आठव्या पिढीपूर्वीच्या इंटेल प्रोसेसरांस विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा जुन्या यंत्रावर लिनक्स चालविण्याची तयारी नसेल, तर त्यात मोठा खर्च घालणे युक्त नव्हे. कार्डाची किंमत त्या यंत्राच्या चालू बाजारभावापेक्षा अधिक होत असेल, तर कार्ड पुढील यंत्रासाठी घेतले जात आहे असे समजूनच ते निवडावे. आणि यंत्रशिक्षणाचे काम वर्षातून एकदोनदाच असेल, तर ध्वनिमुद्रणे घेऊन विभागाच्या प्रयोगशाळेत येणे अधिक स्वस्त पडेल. गरज, जागा, वीज, स्लॉट, प्रणाली आणि मग किंमत, हा क्रम पाळला म्हणजे आसनगावाची अथवा कल्याणची गाडी एकदाच धरावी लागते.