पाणी आणले, पाणी काढले

शिरोळ तालुक्यातील आज ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्यांनी बालपणी मोट आणि जिरायती ज्वारी पाहिली. पुढे कृष्णा-पंचगंगेवर उपसा योजना झाल्या. पाइपलाइनसाठी कर्जे काढून त्यांनी शिवारभर ऊस उभा केला. मात्र अतिपाण्याने निचरा खुंटला आणि काळ्या रानावर पांढरे क्षार फुलले. ज्यांनी पाणी आणले, त्यांनाच उतारवयात ते बाहेर काढण्याची विद्या शिकावी लागली. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून क्षार ओढ्याला लावायचे, तर वाटेतल्या प्रत्येक शेतमालकाची संमती हवी. त्यासाठी बांधावरचे जुने अबोले सोडावे लागतात. पीक बदलणे त्या मानाने सोपे; पाण्याच्या हव्यासाने रान बिघडले, हे नातवंडांसमोर कबूल करणे अवघड.