आई झोपते तेव्हा

आम्ही सोलापूरचे. तुळजापूर इथून जेमतेम ४५ किलोमीटर. त्यामुळे पाहुण्यांचा 'दर्शनाला येतोय' असा फोन आला, की मी आधी कालनिर्णय बघते. आमची आई वर्षातून तीनदा झोपते, आणि हे बाहेरच्यांच्या गावीच नसतं.

घटस्थापनेच्या आधी आठवडाभर घोरनिद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे म्हणून हे जमतं. गंडकी शिळेची, तीनेक फुटांची ही अष्टभुजा महिषासुरमर्दिनी सिंहासनावरून उचलून शेजघरात पलंगावर निजवतात.

मला श्रमनिद्रा सगळ्यात पटते. नऊ दिवस राक्षसाशी झुंजल्यावर बाई दमणार नाही तर काय! दसऱ्याला उजाडायच्या आत मूर्तीभोवती १०८ साड्यांचं दिंड गुंडाळतात, पालखीत धक्का लागू नये म्हणून. संबळ कडाडतो, 'आई राजा उदो उदो' सुरू होतं आणि कुंकवाच्या उधळणीत कोण कुठल्या गावचा ते ओळखू येत नाही. देवळाला प्रदक्षिणा, पिंपळाच्या पारावर विसावा, आरती. हेच तिचं सीमोल्लंघन. मग थेट पलंग.

गंमत म्हणजे पलंग आणि पालखी दोन्ही परगावची. पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावचा, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. पालखीचा मान तेली समाजाकडे. जानकोजी तेल्याच्या घरी देवी लेक होऊन राहिली होती, अशी तिकडची कथा. दरवर्षी नवा पलंग, नवी पालखी. मजल दरमजल करत पलंग निघतो आणि वाटेतल्या गावांतल्या बाया त्याच्यापुढे खण-नारळ घेऊन उभ्या राहतात. देवी अजून त्यावर टेकलेलीही नसते, तरी ओटी भरतात.

टीव्हीवाले नवरात्रातल्या भवानी तलवार अलंकारावर कॅमेरा रोखून बसतात. शिवरायांना तलवार देणारी देवी देखणी दिसते, वाद नाही. पण सीमोल्लंघनाची पहाट तिच्याहून सरस, हे माझं मत.

पंचामृताच्या अभिषेकाचा नवस असेल तर निद्राकाळ टाळा. आणि गर्दीची भीती नसेल तर अश्विनी पौर्णिमेला या, मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते. त्यासाठी सोलापूरहून सगळा रस्ता रात्रभर माणसांनी वाहतो, गाड्या दुसरीकडून वळवतात. तेव्हा चालायची तयारी ठेवा; चहा-फराळाची काळजी नको, वाटेत जागोजागी लोक हाताला धरून बसवतात.