पॉलिशची चाके आणि कॉस्टिकचे पाणी

कापडाच्या धंद्यात कॉस्टिक सोड्याशी आमची ओळख जुनी. सुती कापड मर्सराइज करून त्यावर चमक आणतात ती याच सोड्याने. परंतु हाच सोडा ॲल्युमिनियमची चमक खाऊन टाकतो, हे आम्ही चार चाके बिघडवून शिकलो. धुलाईवाल्याने इंजिन धुण्याचे कॉस्टिकचे पाणी आमच्या जुन्या गाडीच्या पॉलिश केलेल्या चाकांवर मारले. फेस आला आणि बघता बघता चाके राखाडी पडली. पुढे गाडी विकताना गिऱ्हाइकाने पहिले बोट चाकांकडेच दाखवले व भाव पाडला.

ॲल्युमिनियमला कडक आम्ल सोसत नाही, तसा कडक क्षारही सोसत नाही. तेव्हा गाडीचा साधा शाम्पूच बरा. चाके गार होऊ द्यावीत, आधी भरपूर पाणी मारावे. ब्रेकची काळी भुकटी कोरड्या फडक्याने पुसू नये. तिच्यात लोखंडाचे कण असतात, ओरखडे पडतात.

पॉलिश लावण्यापूर्वी आतल्या बाजूस थोडे घासून पाहावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. काळे न झाल्यास वर लॅकर आहे. तेथे मेटल पॉलिश नको, मेण पुरे. फडके जुन्या सुती बनियनचे घ्यावे. पॉलिएस्टर पाणी धरत नाही, हे व्यापारी बंधूंना आम्ही काय सांगावे! मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत उघड्या धातूवर लवकर डाग पडतात, तेथे दर आठवड्यास धुलाई हवी. मेण मात्र ब्रेकच्या डिस्कवर जाऊ देऊ नये.